मापक नसलेल्या खोऱ्यातला पाऊस: उपग्रहाच्या आकड्यापासून मोरीच्या मापापर्यंत

पावसाळ्यात वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक छोटी चौकट असते. कोयना, नवजा, महाबळेश्वर. त्याखाली कधी ताम्हिणी, दावडी, डुंगरवाडी, लोणावळा. वर्षानुवर्षं तीच नावं वाचून आपला समज होतो की सह्याद्रीत पाऊस पडतो तो याच ठिकाणी. खरं म्हणजे या ठिकाणी पर्जन्यमापक आहे आणि रोज सकाळी साडेआठला तो वाचणारं कुणीतरी आहे, म्हणून ही नावं छापून येतात. पलीकडच्या खोऱ्यात तेवढाच पाऊस कोसळला तरी त्याला आकडा नसतो, आणि आकडा नाही म्हणजे कागदावर पाऊसच नाही.

नेमकं अशाच खोऱ्यात रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायला मोरी बांधायची असते, पाझर तलावाचा सांडवा ठरवायचा असतो किंवा डोंगराखालच्या वाडीला किती पावसानंतर हलवायचं ते ठरवायचं असतं. मग कुणीतरी म्हणतं, "उपग्रहाचा डेटा फुकट मिळतो की, तो घ्या." मिळतो हे खरं. पण जसा मिळतो तसा वापरला तर मोरी निम्म्या मापाची होते. उपग्रहाकडून पावसाचा आकार घ्यावा: कुठं जास्त, कुठं कमी, कधी सुरू झाला, किती वेळ टिकला. मिलिमीटर मात्र जमिनीवरच्या मापकाकडूनच आणावे लागतात. पुढचं सगळं या दोघांची गाठ कशी घालायची त्याबद्दल आहे. उदाहरणं सह्याद्रीची घेतली आहेत, कारण उपग्रह तिथं फार फसतो.

आधी प्रश्न नीट लिहून काढा

संगणक उघडण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा. पाणलोट क्षेत्र किती चौरस किलोमीटर? किती तासांचा पाऊस हवा? आणि किती वर्षांतून एकदा येणारा? ३ चौरस किलोमीटरच्या ओढ्यावरच्या मोरीला तासाभराचा पाऊस लागतो. ३०० चौरस किलोमीटरच्या धरणाला एक-दोन दिवसांचा लागतो. दरडीसाठी मात्र आधीच्या कित्येक दिवसांत जमिनीत किती पाणी मुरलं तेही पाहावं लागतं.

"अतिवृष्टी" या शब्दाचाही घोळ आहे. नुकसानभरपाईच्या सरकारी हिशेबात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी. हवामान खात्याच्या वर्गवारीत ६४.५ पासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ च्या पुढे अत्यंत मुसळधार. घाटमाथ्यावर जुलैमध्ये ६५ मिलिमीटर म्हणजे साधा दिवस. आपल्याला इथं जो पाऊस काढायचा आहे तो त्या त्या जागेच्या मानानं दुर्मिळ असलेला.

कोणता डेटा घ्यायचा

पर्याय बरेच आहेत. माझं मत सरळ सांगतो: टोकाच्या पावसासाठी नासाचा आयमर्ग घ्या, बाकीचे पडताळ्याला ठेवा.

अमेरिकेची नासा आणि जपानची जाक्सा यांनी २०१४ च्या फेब्रुवारीत जीपीएम या जागतिक पर्जन्यमापन मोहिमेचा मुख्य उपग्रह सोडला. त्याच्यावर दोन वारंवारतांवर चालणारं पावसाचं रडार आहे. हे रडार आणि इतर अनेक उपग्रहांवरचे मायक्रोवेव्ह संवेदक यांची सांगड घालून आयमर्ग तयार होतो. दर अर्ध्या तासाला एक चित्र, ०.१ अंशाची चौकट, म्हणजे तेवढ्या जागेला एकच आकडा. सातव्या आवृत्तीत १९९८ पासूनची मालिका मिळते. तो तीन रूपांत येतो: साधारण चार तासांत येणारा 'अर्ली', चौदा तासांत येणारा 'लेट' आणि साडेतीन महिन्यांनी येणारा 'फायनल'. डिझाइनसाठी फायनल, इशाऱ्यासाठी अर्ली. दोन्ही एकाच मालिकेत मिसळू नका.

फायनल जमिनीवरच्या मापकांशी जुळवलेला असतो, म्हणून लोक निर्धास्त होतात. ती जुळवणी महिन्याच्या बेरजेवर होते. जुलैची बेरीज बरोबर आली म्हणून २२ जुलैचा आकडा बरोबर येतो असं नाही. शिवाय आपल्या खोऱ्याच्या आसपास जुळवणीला मापकच नसेल तर जुळवणार कशाशी?

चिर्प्स हा दुसरा उपग्रही डेटा १९८१ पासून आहे आणि त्याची चौकटही बारीक, ०.०५ अंशाची. दुष्काळाच्या कामाला तो उत्तम. पण त्याचा मूळ हिशेब पाच-पाच दिवसांचा असतो आणि त्याचे रोजचे आकडे नंतर पाडलेले असतात. एका दिवसाच्या टोकाच्या पावसासाठी मी तो वापरत नाही. जपानचा जीएसमॅप तासातासाला मिळतो, पडताळ्याला चांगला. आपल्या इन्सॅटवरून काढलेले पावसाचे अंदाज अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या 'मॉसडॅक'वर मिळतात. ढग कधी आला आणि कुठून कुठं सरकला ते पाहायला ते फार उपयोगी.

उतरवून घेताना दोन खड्डे

नासाच्या 'अर्थडेटा'वर फुकट खातं काढावं लागतं. मोठ्या फायली उतरवायच्या नसतील तर गूगल अर्थ इंजिनवर हाच डेटा तयार असतो. तिथं खोऱ्याची हद्द देऊन थेट आकडे काढता येतात.

पहिला खड्डा घड्याळाचा. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. उपग्रहाचा तयार 'रोजचा' आकडा ग्रीनिच वेळेनं मध्यरात्र ते मध्यरात्र असतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून. तीन तासांचा फरक. पहाटे सहा ते आठ या वेळात घाटात दणकून पाऊस झाला तर तो मापकाच्या संपत आलेल्या दिवसात मोजला जातो आणि उपग्रहाच्या नव्या दिवसात. म्हणून तयार रोजची फाइल घेऊ नका. अर्ध्या तासाच्या ४८ फायली घ्या आणि ग्रीनिच वेळेच्या ३ ते दुसऱ्या दिवशीच्या ३ अशी बेरीज स्वतः करा. मापकाच्या नोंदीवरची तारीख वाचनाच्या सकाळची असते हेही ध्यानात ठेवा. "२३ जुलैचा पाऊस" हा बहुतेक २२ तारखेला पडलेला असतो.

दुसरा खड्डा एककाचा. अर्ध्या तासाच्या फाइलमधला आकडा मिलिमीटर प्रति तास असतो. बेरीज करताना प्रत्येक आकडा दोननं भागायचा.

हे मी शिकलो ते चुकून. घाटमाथ्याच्या एका खोऱ्याचं काम होतं. मी ४८ आकडे सरळ बेरजेला टाकले, शेजारच्या मापकाशी ताडून पाहिले, तर काय सुंदर जुळले! अहवालाला चार छान आलेख जोडले. पुढच्या आठवड्यात तीच फाइल वापरून पूर्वेकडच्या एका कोरड्या गावाचा पाऊस काढला, तर तिथं मापकाच्या दुप्पट. दोन दिवस डोकं खाजवल्यावर भागाकार राहिल्याचं दिसलं. घाटात उपग्रह निम्माच पाऊस दाखवत होता आणि माझ्या चुकीनं तो बरोबर दुप्पट करून दिला होता. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं. तेव्हापासून मी कोणतीही नवी फाइल आधी कोरड्या प्रदेशातल्या एका ठिकाणावर तपासतो आणि मगच घाटात शिरतो.

उपग्रह घाटात कमी का दाखवतो

हे कारण समजल्याशिवाय पुढची दुरुस्ती आंधळी होते.

वरून पाहणाऱ्या बहुतेक संवेदकांना पाऊस थेट दिसत नाही. इन्फ्रारेड संवेदक ढगाच्या माथ्याचं तापमान मोजतो आणि माथा जितका थंड, म्हणजे जितका उंच, तितका पाऊस जास्त असं गृहीत धरतो. मायक्रोवेव्ह संवेदकाची भिस्त जमिनीवर मुख्यतः ढगातल्या बर्फकणांनी विखुरलेल्या लहरींवर असते. मराठवाड्यातल्या वळवाच्या गडगडाटी ढगाला हे दोन्ही नियम लागू पडतात.

सह्याद्रीत जुलैमधला पाऊस वेगळाच असतो. समुद्रावरून आलेली ओली हवा कड्याला धडकते, वर चढते आणि ठेंगण्या, उबदार ढगांतून तासन्‌तास ओतत राहते. ना विजा, ना उंच माथा, बर्फही फारसा नाही. लोणावळ्याला धुक्यात उभं राहून आपण चिंब होतो तेव्हा वरच्या संवेदकाला एक साधासा बुटका ढग दिसत असतो.

घाट उतरून पूर्वेला गेलं की उलट होतं. ढग दिसतो, पण पडणारे थेंब खालच्या कोरड्या हवेत विरतात. उपग्रह पाऊस मोजतो आणि जमीन कोरडी राहते. म्हणजे एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त. सगळ्या जिल्ह्याला दुरुस्तीचा एकच गुणक लावणं इथंच बाद होतं.

त्यात चौकटीचा आकार. आपल्या अक्षांशावर ०.१ अंशाची चौकट साधारण ११ किलोमीटर लांब आणि साडेदहा किलोमीटर रुंद भरते. मापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्याही आत. हा उतार तीन चौकटींत बसवायचा म्हणजे धार बोथट होणारच. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटर पडला तेव्हा कुलाब्याला ७३.४ होता. मधलं अंतर दोन चौकटींचं.

जोडीदार मापक निवडणे

उपग्रहाचे आकडे ज्याच्याशी ताडायचे तो जोडीदार मापक. सगळ्या कामाचं यश या पायरीवर आहे, म्हणून इथं घाई नको.

समजा खोरं भोर तालुक्यात, वरंध घाटाच्या अलीकडे, नीरा देवघर धरणाच्या वरच्या अंगाला आहे. नकाशावर सगळ्यात जवळचा नियमित मापक शोधला तर तो कदाचित पूर्वेला खाली भोरकडे सापडेल. तो घेऊ नका. सह्याद्रीत पावसाचं नातं किलोमीटरशी कमी आणि कड्यापासूनच्या अंतराशी जास्त असतं. भोर गाव जवळ असलं तरी दुसऱ्या पट्ट्यातलं आहे. ताम्हिणी किंवा महाबळेश्वर दूर असलं तरी धारेवरचं आहे.

मी सह्याद्रीचे उत्तर-दक्षिण जाणारे पाच पट्टे पाडतो: किनारा, पायथ्याचं कोकण, घाटाचा पश्चिम उतार आणि धार, धारेच्या पूर्वेचं मावळ, आणि त्यापुढची पर्जन्यछाया. खोरं ज्या पट्ट्यात, जोडीदार मापक त्याच पट्ट्यातले, मग ते उत्तर-दक्षिण साठ किलोमीटरवर का असेनात. किमान तीन हवेत. धरणांवरचे मापक, हवामान खात्याची केंद्रं, महसूल मंडळांत बसवलेली 'महावेध'ची स्वयंचलित केंद्रं, जे मिळेल ते गोळा करा.

मापकही खोटं बोलतो. शनिवार, रविवार शून्य आणि सोमवारी ३२०, असं दिसलं तर तो तीन दिवसांचा साठलेला पाऊस आहे. ओळीनं बरेच दिवस २०० च्या आसपास अडकलेले आकडे दिसले तर बाटली भरून वाहत होती असं समजा. स्वयंचलित केंद्राचं नरसाळं पाल्यानं तुंबलं की ऐन जुलैमध्ये शून्य येतं. असे दिवस बाजूला काढण्यासाठी उपग्रह फार कामाचा: आसपासच्या सगळ्या चौकटींत पाऊस आणि एकट्या मापकात शून्य असेल तर दोष मापकाचा.

गुणक आणि दुर्मिळ पाऊस

आता दरवर्षीचा एका दिवसाचा सर्वांत मोठा पाऊस काढा. १९९८ ते २०२४ म्हणजे २७ आकडे. हेच जोडीदार मापकांसाठी करा आणि मापक ज्या चौकटीत येतो तिच्यासाठीही. मापकाच्या वार्षिक कमाल पावसाची सरासरी भागिले चौकटीच्या वार्षिक कमाल पावसाची सरासरी, हा झाला गुणक. वर्षाच्या एकूण पावसावरून काढलेला गुणक इथं चालत नाही. रिमझिमीचे दिवस त्यात मिसळलेले असतात आणि टोकाच्या दिवसाची चूक त्यांच्याहून वेगळी असते.

एक कल्पित उदाहरण सोडवू. आपल्या खोऱ्यावरच्या चौकटीत वार्षिक कमालची सरासरी १२४ मिलिमीटर, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) ३८. तीन जोडीदार मापकांचे गुणक १.६, १.७ आणि १.९ आले.

टोकाच्या आकड्यांसाठी वापरतात त्या गुंबेलच्या पद्धतीनं २५ वर्षांतून एकदा येणारा पाऊस म्हणजे सरासरी अधिक २.०४४ गुणिले विचलन. (१० वर्षांसाठी १.३०५, ५० साठी २.५९२, १०० साठी ३.१३७.) आपल्या चौकटीसाठी १२४ + २.०४४ × ३८ = २०२ मिलिमीटर. मधला गुणक १.७ लावला की ३४३.

अजून एक बारीक बाब. सकाळी साडेआठला दिवस तोडल्यामुळे मोठा पाऊस दोन तारखांत विभागला जातो. खरा सलग २४ तासांचा कमाल पाऊस सरासरीनं १३ टक्के जास्त भरतो, म्हणून १.१३ नं गुणायचं. ३८७ मिलिमीटर. गुणक १.६ धरला तर ३६५, १.९ धरला तर ४३३. अहवालात एकटा ३८७ लिहू नका, "३६५ ते ४३३, मध्य ३८७" असं लिहा. वरिष्ठांना एकच आकडा हवा असतो हे मला माहीत आहे, तरीही.

हे आकडे अवास्तव वाटत असतील तर आठवा: जुलै २०२१ मध्ये तळीयेची दरड कोसळली त्या दिवसांत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४.४ मिलिमीटर नोंदला गेला होता.

२७ वर्षांच्या मालिकेवरून १०० वर्षांचा पाऊस काढण्याचा मोह टाळा. काढावाच लागला तर एकट्या चौकटीवर विसंबू नका. त्याच पट्ट्यातल्या वीस-तीस चौकटी घ्या, प्रत्येकीचे आकडे तिच्या स्वतःच्या सरासरीनं भागा, सगळे एकत्र करून एकच वक्र बसवा आणि शेवटी आपल्या जागेच्या सरासरीनं गुणा. तीन प्राचलांचा (वक्राचं रूप ठरवणाऱ्या आकड्यांचा) सामान्यीकृत टोकमूल्य वक्र वापरायचा तर तोही असाच एकत्रित बसवावा. एकट्या चौकटीवर त्याचं आकारप्राचल वाऱ्यावरच्या पाचोळ्यासारखं हलतं. मात्र तीस चौकटी म्हणजे तीसपट माहिती नव्हे. एकाच दिवसाचा पाऊस त्या सगळ्यांवर पडलेला असतो.

आपलं पाणलोट क्षेत्रच शंभरेक चौरस किलोमीटर असेल तर पूर्ण गुणक लावू नका. मापक बिंदूचा पाऊस मोजतो, चौकट परिसराची सरासरी. गुणकात उपग्रहाच्या चुकीबरोबर हा फरकही आलेला असतो.

तासाचा पाऊस आणि मोरी

हवामान खात्याचं जुनं घनमूळ सूत्र आहे: तासांची संख्या भागिले २४, त्याचं घनमूळ, गुणिले २४ तासांचा पाऊस. एका तासासाठी हा वाटा ०.३४७ येतो. ३८७ चे झाले १३४ मिलिमीटर. घाटात पाऊस दिवसभर ओततो, त्यामुळे तिथं हे सूत्र जरा चढं उत्तर देतं असं मला वाटतं. पूर्वेकडे दोन तासांत दिवसाचा पाऊस उरकतो, तिथं हेच कमी पडू शकतं. इथं उपग्रहाची अर्ध्या तासाची मालिका कामी येते. मोठ्या पावसाच्या दहा-बारा दिवसांत सर्वांत जोराच्या तासात दिवसाचा किती हिस्सा पडला ते पाहा. मिलिमीटर चुकीचे असले तरी हिस्सा बऱ्यापैकी कळतो.

३ चौरस किलोमीटरचा ओढा आणि ०.६ अपधाव गुणांक (पावसातला वाहून जाणारा हिस्सा) धरला तर, एककं जुळवणारा ०.२७८ घेऊन, विसर्ग ०.२७८ × ०.६ × १३४ × ३ = ६७ घनमीटर प्रति सेकंद. गुणक न लावता, उपग्रहाचा २०२ हा कच्चा आकडा धरून हेच गणित केलं असतं तर ३५ आले असते.

गावात जाऊन पडताळा

खोऱ्यात मापक नसला तरी पावसानं खुणा सोडलेल्या असतात. वरच्या अंगाला छोटा तलाव असेल तर तो स्वतःच मोठा मापक आहे. समजा ८ चौरस किलोमीटर पाणलोटाच्या तलावात एका रात्रीत १.२ दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी वाढलं आणि सांडवा वाहिला नाही. १.२ दलघमी भागिले ८ चौरस किलोमीटर म्हणजे १५० मिलिमीटर नुसतं वाहून आलं. पाऊस त्याहून जास्तच असणार, कारण काही मुरलं. त्या रात्री उपग्रह ९० दाखवत असेल तर तुमचा गुणक १.६७ च्या खाली जाऊच शकत नाही.

मग जुनी माणसं. "पाणी कुठवर आलं होतं?" असं विचारलं की हात हवेत जातो. "कुठल्या पायरीला लागलं होतं?" असं विचारलं की माणूस उठून देवळाकडे चालायला लागतो. ती पायरी, ओढ्याचा उतार आणि काटछेद मोजला की त्या पुराचा विसर्ग अंदाजे काढता येतो. वर्ष आठवत नसेल तर बैल वाहून गेला ते साल, लग्न पुढे ढकललं ते साल असं करत पोचता येतं, आणि मग त्या आठवड्याची उपग्रहाची मालिका उघडायची. तारीख जुळली की फार बरं वाटतं.

एका ठिकाणी मात्र हे सगळं वापरू नका: मंडळात ६५ मिलिमीटर झाला की ६२, या वादात. चौकटीची चूक त्या तीन मिलिमीटरपेक्षा कितीतरी मोठी असते. दरडीच्या इशाऱ्यासाठीही अर्लीचा आकडा उंबरठा म्हणून थेट नको. त्या चौकटीच्या स्वतःच्या इतिहासात आजचा पाऊस कितवा लागतो ते पाहा. ९० मिलिमीटर हा आकडा किरकोळ दिसेल, पण २७ वर्षांत त्या चौकटीनं ९० फक्त चारदा पाहिले असतील तर वाडीला फोन करायची वेळ झाली आहे.

काम सुरू व्हायला एखादा पावसाळा हातात असेल तर खोऱ्यातल्या शाळेच्या आवारात साधा पर्जन्यमापक बसवा. झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतर ठेवा, तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर. घेताना बाटली बघून घ्या. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाखाली ४ लिटरची बाटली २०० मिलिमीटरला भरते, म्हणजे ज्या रात्रीसाठी मापक ठेवला त्याच रात्री ती भरून वाहणार. १०० चौरस सेंटिमीटरचं तोंड आणि १० लिटरची बाटली घेतली तर १,००० मिलिमीटर मावतात. मोजपट्टीचा पेला मात्र त्याच तोंडाच्या मापाचा हवा, नाहीतर पुन्हा दोनचा घोळ.